चकती थांबेपर्यंत

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले दंतवैद्य डॉक्टर. प्रमुख पाहुण्या, हार्डवेअरच्या दुकानाच्या मालकीणबाई. घरच्या घरी लोखंडाशी झटापट करणाऱ्या या रविवार मंडळाचे सभासद. त्यांचे आवाज सोसणारी त्यांची घरची माणसं. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते तुमचे ठिणगीकाका, म्हणजे आमचे हे!

डॉक्टर, आत्ता तुम्ही म्हणालात, काकांनी तुम्हाला लोखंड कापायचा ग्राइंडर चालवायला शिकवला. फिरतं यंत्र धरायची सवय तुम्हाला आधीचीच होती. फरक इतकाच, की तुमच्याकडे घाबरतो तो समोरचा. आमच्या गॅरेजमध्ये घाबरायचं ते धरणाऱ्याने, असा यांचा शिरस्ता.

मग मला का बोलायला उभं केलंत? मी तर कधी ग्राइंडर हातात धरला नाही. मी तो फक्त ऐकला. सगळा संसार ऐकला म्हणा ना!

लग्न होऊन आले तेव्हा हे विम्याच्या कचेरीत दिवसभर टेबलामागे बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये उभे राहायचे. फाटकाचा कडीकोयंडा, जिन्याचा कठडा, शेजाऱ्यांची मोडकी सायकल, काही ना काही व्हाइसमध्ये, त्या टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात, आवळलेलं असायचंच. हाताने धरून लोखंड कापणं त्यांना मंजूर नव्हतं. आणि एक नियम होता, घरात ऐकायला कुणी नसेल तर ग्राइंडर लावायचा नाही. माझ्याआधी हे काम सासूबाईंकडे होतं. मला वाटलं होतं, सूनबाईला किल्ल्या मिळतील. सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं आणि म्हणाल्या, "आजपासून हे तू ऐकायचंस. माझे कान दमले."

काय ऐकायचं? तुम्हा सभासदांना ठाऊक आहे, घरच्यांसाठी सांगते. बटण बंद केलं तरी ग्राइंडरची कापणारी चकती लगेच थांबत नाही. ती फिरतच असते. माणसाला वाटतं काम झालं, तो यंत्र खाली ठेवतो, हात पुढे करतो आणि घात तिथे होतो. हे तसं करायचे नाहीत. बटण बंद, तरी दोन्ही हात दोन्ही मुठींवर. चकती पुरती स्थिर झाली की यंत्र खाली, प्लग बाहेर, आणि मग हाक, "थांबलं!" मी आतून म्हणायची, "ऐकलं!"

पहिले काही दिवस मला फार हसू यायचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्याकडे कुणी असं घरभर ओरडायचं नाही. पण हळूहळू त्या मधल्या शांततेची सवय झाली. आवाज उतरत जायचा, पातळ व्हायचा, आणि हाक येईपर्यंत मी हातातला चमचासुद्धा ढवळायची नाही. मुलगी तान्ही होती तेव्हा तिच्या ओठांवर बोट ठेवायची. आमचं भांडण झालं, चांगला लांबलचक अबोला झाला, तरी "थांबलं" आणि "ऐकलं" एवढं बोलणं चालू असायचं. बहुतेक वेळा अबोला तिथूनच सुटायचा.

एकदा मात्र हाक आली नाही.

थंडीचे दिवस होते. मी विणलेला सैलसर स्वेटर घालून हे तसेच कामाला लागले होते. आवाज उतरला नाही, एकदम तुटला. मी वाट पाहिली. मग धावले. हे भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक. स्वेटरचा धागा चकतीत गेला होता आणि यंत्राने यांना स्वतःकडे ओढून घेतलं होतं. छातीवर चकतीची कड नाही, तिच्यावरचं गार्ड, म्हणजे पत्र्याचं झाकण, आपटलं, म्हणून आज सत्कार करायला माणूस आहे. माझ्या लोकरीने यंत्र जाम केलं होतं. मी रडायला लागले, तर हे काय म्हणाले? "तुझी वीण फार मजबूत आहे गं!"

तोच स्वेटर, पुढे एवढं भोक पडलेला, गॅरेजच्या दाराशी खिळ्यावर लटकला. ओढणी, मफलर, लोंबती बाही, सगळं आधी त्या खिळ्यावर, मग डोळ्यांना चष्मा, वर तोंडावर ढाल, आणि मगच यंत्र. मालकीणबाई, तुम्ही तर गार्डला अडगळ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना सरळ तो स्वेटर बघायला पाठवायचात!

आता जे सांगायचंय ते सांगते. यांची कपबशी वाजायला लागली. आधी मी ते ऐकलं, पाहिलं नंतर. उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी, म्हणजे दातांच्या नव्हे, फिरतं यंत्र बंद करा म्हणून सांगितलं. यांनी मंडळ सोडलं. पण काल मी विचारलं, "घरचा ग्राइंडर?" तर म्हणाले, "घरचं घरी बघू." मुलगी परगावी, ती फोनवर म्हणाली, "आई, लपवून ठेव ना!" मी म्हटलं, "तुझ्या बाबांना लपवलेलं सगळं सापडतं, फक्त स्वतःचा चष्मा सापडत नाही."

मी काही लपवणार नाही. ज्या हातांनी मला एवढी वर्षं निर्धास्त ठेवलं, त्यांतून मी काय हिसकावून घेऊ? पण अहो, माझेही कान आता दमलेत. आणि सासूबाईंसारखं खिडकीशी उभं करायला माझ्याकडे कुणी नाही.

नेहमी तुम्ही आधी हाक मारलीत. आज सगळ्यांच्या परवानगीने मी मारते. बटण तुम्ही बंद केलंत, चकती अजून फिरतेय, मला ऐकू येतंय. घाई नाही. मी थांबते.

अहो, थांबलं का?

मालकीणबाई, त्यांच्याकडे माइक सरकवता का जरा? नाही हं, मान हलवून चालायचं नाही. मला बघायची सवय नाही, ऐकायची आहे.

...

ऐकलं.

ऐकलं हो! टाळ्या जरा थांबवा, पुन्हा कुठे ऐकायला मिळणार आहे मला हे? "थांबलं" म्हणाले. तुम्ही सगळे साक्षीदार.

मंडळाने यांना एवढं प्रेम दिलं, शेजाऱ्यांनी एवढा आवाज सोसला, मी सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. माझं मराठी कॉन्व्हेंटचं. कुठे कमी-जास्त बोलले असेन, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपलीच म्हणून पदरात घ्या.

आणि सभासद हो, उद्या तो खिळा रिकामा दिसला तर शोधाशोध करू नका. स्वेटर मी काढून आणलाय, भोक विणून बुजवलंय. माझ्या पिशवीत आहे. बाहेर गारठा आहे, आणि आता यांनी तो घालायला काहीच हरकत नाही.