भिंतीमागचं पानी

मी मूळचा फलटनकडचा. बाप पाटकरी, मीबी पाटकरी. म्हंजे कालव्याचं पानी ज्याच्या त्याच्या पाळीनं शेतावर सोडायचं. एकतीस वर्सं केलं, आमदाराचा मानूस आला तरी म्हनलं बाबा रांगंत थांब. नाकावर माशी बसू दिली न्हाई कधी.

दोन हजार चारला थोरल्यानं, सुधीरनं, इकडं विलायतंत श्रूजबरीला आनलं. तो कॉम्प्युटरात. घर चांगलं, सून चांगली, पर काम काय न्हाई. काय सांगू तुम्हाला ताई, सोफ्यावर बसून बसून मानूस कुजतो. मग एका शनवारी त्यानं गाडीत घातलं, म्हनला चला बाबा, तुमच्या ओळखीचं कायतरी दाखवतो. बघतो तर जुना कालवा, कोरडा पडलेला, आत झाडं वाढलेली. अन् त्यात एक मोठा दगडी हौद. त्याला लॉक म्हनत्यात. दोन्ही तोंडाला दारं असायची म्हनं, दारं लावून हौद भरला की मालाची होडी आपसूक वरच्या कालव्यात चढायची. रेल्वे आली अन् सगळं बंद पडलं. गावातली म्हातारी मानसं दर शनवारी ते साफ करायची, मार्गारेटबाई त्यांची म्होरकी, रिटायर मास्तरीन. मीबी खुरपं घेऊन उतरलो.

थंडीच्या तोंडाला काय झालं, भिंतीच्या बुडाशी दगडात भोकं दिसली, वल्ली, गाळानं भरलेली. यांनी सिमेंटची पोती आनली, भोकं बुजवू म्हंजे भिंत पक्की होईल. मी जाऊन पोत्यावरच बसलो. सुधीर म्हनला, बाबा प्लीज, त्यांचा प्रोजेक्ट आहे, एम्बॅरस नका करू. म्हनलं तू नुसतं इंग्रजीत सांग. सांग की तरनेपनी साहेबाची तपासनी होती, कालव्याच्या भिंतीची अशीच भोकं झिरपायची, घान दिसायची, म्हनून मी माझ्या हातानं सिमेंट भरून वरनं चुना मारला. साहेब खूश. अन् पावसाळ्यात मागचं पानी तुंबलं, वाट न्हाई, अख्खी भिंत कालव्यात आडवी. खालच्या गावांची पाळी बुडाली, लोकांचा उभा ऊस वाळला.

सुधीर दोन शब्दांत उरकायला लागला. म्हनलं एवढं थोडं कसं झालं, मी पाडली असं सांग. त्याचे कान लाल झाले, पर सांगितलं त्यानं. मार्गारेटबाईनं माझ्याकडं बघितलं अन् फावडं खाली ठेवलं.

मग आमी लोखंडी सळईनं एकेक भोक मोकळं केलं. आधी चिखल आला, मग नितळ पानी. भिंतीला फुगार होता तिथं मी वरनं ओळंबा सोडून बघितला, दोरी अन् दगडाच्या मधी चार बोटं. मग बर्फ पडलं. इथं भिंतीमागं पानी गोठून फुगतं अन् दगड ढकलतं, हे मला बाईनं नंतर सांगितलं. माझ्या गावाला बर्फ कुठलं. सगळा हिवाळा माझा जीव टांगनीला, भिंत गेली तर माझ्या शब्दानं गेली.

बर्फ वितळल्यावर परत ओळंबा सोडला. चार बोटंच. मार्गारेटबाईनं मला मिठी मारली, मला लई लाजल्यासारखं झालं.

आता दर थंडीआधी भोकं साफ करायचं काम माझ्याकडं हाय. त्यांच्या वहीत कामकरी लोकांची नावं असत्यात, फुडं धंदा. सुधीरनं माझ्या फुडं रिटायर्ड लिवलं हुतं. मी पेन मागितला, ते खोडलं अन् आपल्या मराठी अक्षरात लिवलं, पाटकरी. बाईनं इचारलं हे काय. सुधीरच म्हनला, दॅट्स व्हॉट माय फादर इज.