अर्धा कोयता

आधी मालनमावशीचं नाव लिहा, मग बाकीचं सांगते. कोपरगावच्या रस्त्याला त्यांची चहाची टपरी हाय, माझी ना वळख ना पाळख, पन त्या नसत्या तर माझा नवरा रस्त्यावरच गेला असता.

मी पाथर्डीकडची. चौथीत शाळा सुटली ती आईबापासंगं ऊस तोडायला आले, लग्न झालं तरी उसाचाच फड. आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात, एकट्याला कोन इचारत न्हाई. तर त्या दिशी ट्रॉली भरली, आमच्या कोप्या, म्हंजी पाचटाच्या झोपड्या, वाटंवरच, म्हनून आमी दोघं वर उसावर बसलो. टॅक्टरवर आमच्या टोळीच्या मुकादमाचा मेव्हना, भर दुपारी पिऊन तर्र, लायसन तर त्यानं जन्मात काढलं न्हाई. ह्ये म्हनले, दाजी, झेपंल का, तर हसून म्हनतो, तू वर बसून ऊस खा, गाडी बघायला मी हाय. आन टेप एवढा मोठा लावलेला, काय सांगू तुम्हाला, उतारावर गाडी नागमोडी जायला लागली तवा आमी घसा फाडून वरडलो, थांबव रं थांबव, पन गान्यापुढं त्याला काय ऐकू जातंय. ट्रॉली उलटली. मी रानात फेकले गेले, ह्ये उसाखाली. आन टेप चालूच, लगीनघरावानी.

मालनमावशी पळत आल्या, मान्सं गोळा करून ऊस उपसला, दुधाच्या टेम्पोला आडव्या झाल्या, ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापातूर आल्या.

पोलीस जबाब घ्यायला यायच्या आधी मुकादम आला. म्हनला, वैनी, गाडी माझा भाऊ चालवत हुता म्हन, त्याच्याकडं लायसन हाय. तसं म्हनलीस तर अर्धा कोयता असूनबी टोळीत ठिवतो, न्हाईतर तुझी वाट येगळी. मावशी म्हनल्या, बाई, मी हितं बसते तुझ्याजवळ, तुला दिसलं त्ये बोल. मी खरं त्येच बोलले.

खरं बोलून काय झालं? टोळी आमाला टाकून पुढल्या गावाला गेली. मेव्हना जामिनावर सुटला, परवा दवाखान्याच्या दारातनं टॅक्टर घेऊन गेला, मी ह्या डोळ्यांनी बघितला. ह्यांचं कमरंखालचं काय हलत न्हाई. रोज इचारत्यात, गावाला कवा जायचं, मी म्हनते, जाऊ की. पानी आनायला रस्ता वलांडायचा तर मी कडंलाच उभी राहते, येनाऱ्या गाडीत कोन बसलाय, कसा बसलाय, आपल्याला काय दिसतंय.

मावशींचे गुडघे गेल्यात, तरी डबा घेऊन येत्यात. आज माझ्याच्यानं काय होत न्हाई. पन एक दिवस मी त्यांच्या टपरीवर उभी राहीन, चूल मी फुकीन, कपबशा मी इसळीन, आन त्यांना खाटंवर बसवून आयता चहा देईन.