रंगवलेल्या खिडक्यांचं घर

युद्धकाळातला आमच्या गावचा किल्ला आता तिकीट काढून बघता येतो. बाहेरून साधं घर दिसतं. खिडक्या आणि फुलांच्या कुंड्या काँक्रीटवर रंगवलेल्या, आत तोफा. रांगेत माझ्यापुढे म्हातारा गियोन आणि त्याची बायको उर्सिना.

“तीस वर्षं दर उन्हाळ्यात तीन आठवडे सक्तीच्या लष्करी सेवेला जायचास. कुठे, ते कधी बोलला नाहीस.”

“शपथ घेतली होती.”

“आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर!”

“शपथेत अंतराचं काही नव्हतं.”

“भर बर्फातही या घराची फुलं टवटवीत. आत काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.”

“मग तू का नाही बोललीस?”

“तुझी शपथ मोडली असती. म्हणून मी आपली रोज लाल झगा घालून अंगणात कपडे वाळत घालायचे.”

“दिसायचं. दुर्बिणीतून.”

“पावसातसुद्धा घालायचे.”

“तेही दिसायचं. साहेब विचारायचे, ही वेडी बाई कोण?”

“मग तू काय सांगायचास?”

“ओळखत नाही म्हणायचो. शपथ होती ना.”

उर्सिना तिकीट-खिडकीशी पोचली.

“तिकीट एकच द्या. हा बाहेर थांबेल, याने शपथ घेतलीय.”