सात खण

न्हाय, न्हाय, फीत सोडू नका रावसाहेब — बसा आधी. बसा हो! घरपट्टीसाठी घर मोजायला आलायसा न्हवं? मग त्यात मोजायचं काय — धा सालामागं एकवीस सालीच मोजलंय, तुमच्याच वहीत असंल, सुबराव विणकर, घर सात खणी. तेच उतरून घ्या आन् च्या प्या. — आं? कसला आवाज? भिंतीपलीकडचा माग हो. माझी भावजय, गुणाबाई. रवळू गेला, माझा धाकटा भाऊ, तवापासनं सकाळी बसती ती दिवे लागेपतुर खटाक-खटाक चालूच. त्यामुळं बोला बिनघोर, माग चालू असला की तिला काय ऐकू येत न्हाय.

व्हय, ह्या बाजूला चारच खण. मोजू नका म्हटलं तरी डोळ्यानं मोजलंसाच की! सांगतो — लपवायचं काय त्यात? तवा दुसरा कारकून आलता, कोकणाकडचा, नवा माणूस. मी सूत आणाय गेलतो. त्यानं दारातनंच विचारलं, "खण किती?" आता आमच्या विणकरांच्या गल्लीत खण म्हटल्यावर घराचे खांब-तुळया कुणाला आठवतील हो? आमची ही, अंजनी, मागावरनं न उठताच म्हणाली, "सात!" — म्हंजे चोळीचे खण, त्या आठवड्यात तेवढे विणून झालते. त्यानं वर बघितलं — एकच आढं, सलग कौलं, हिकडं चार न् तिकडं तीन. भरले सात! लिवलं न् गेला. गुणाबाईच्या दारात पाऊलबी टाकलं न्हाय.

पट्टी आली तवा मला कळलं. अंजनी म्हणाली, जाऊन सांगा, दुसऱ्याच्या तीन खणांची पट्टी आपण का म्हणून भरायची? बायकांना काय कळतंय! मी गप भरली. दर साली भरली. गल्ली हसली, सुबराव येडा झाला म्हणून — हसू दे की. पेटीत पावत्या हायत, सगळ्या माझ्या नावच्या, सगळ्या सात खणांच्या. आन् तिच्याकडं? एक न्हाय. तिला वाटतंय, सरकारनं विधवा बाई बघून सोडलं. दसऱ्याला सोनं द्यायला येती न् म्हणती, अण्णा, देव हाय. मी म्हंतो, हाय की.

चोरी? तोंड सांभाळून बोला रावसाहेब. चोरी कसली — बापाचं घर हाय ते! वाटणीत रवळूला तीन खण गेले तवा मला आठ दिवस जेवण गेलं न्हाय, खरं सांगतो. गेल्या हिवाळ्यात ही गुणाबाई लई खोकत होती, वाटलं आता मोकळं हुईल — तर उठून परत मागावर बसली. बरं, ऱ्हाऊ दे. औंदा तुमी परत सात लिवलंसा की तिला तिच्या भावाकडं काकतीला सोडून येणार. गाडी सांगून ठिवलीया. दारबी तयार हाय. — दिसत न्हाय? हा कोनाडा बघा. दर साली पट्टी भरून आलो की आतली एक वीट काढतो. आता पलीकडचा नुसता गिलावा राहिलाय — हं, बोट लावू नका! भाकरीएवढाबी जाड न्हाय त्यो.

तर लिवा, सात. तुमी सायकलीवरनं मच्छे गावाला जाता न्हवं, एकटेच? ठाऊक हाय मला. मळ्यातल्या विहिरीपाशी वाट लई अरुंद हाय, सांभाळून जात जावा. — का थांबलासा? लिवा की. काय ऐकताय? मला तर काय ऐकू येईना.

माग.

माग कवा थांबला हो? चोळीच्या खणांचं सांगत होतो तवा चालू होता न्हवं? — का न्हवता? बोला की! आन् ही कोनाड्यात माती कशानं सांडतीया, मी तर हात लावला न्हाय... रावसाहेब, फीत गुंडाळा. जावा तुमी. जावा म्हंतो न्हवं!

— गुणाबाई?