हद्दीत आलेलं विमान

भास्करराव लिमयांना पेपर एकट्याने वाचवत नसे. त्यात रत्नागिरी स्टँडवरची मुंबईच्या रिझर्वेशनची रांग म्हणजे आयते श्रोते. १९९९च्या ऑगस्टातली सकाळ होती. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने, नीरजाने, डोळे मिटून घेतले, पण कान कुठे मिटतात?

"कच्छजवळ पाकिस्तानचं विमान पाडलंनीत आपल्या लोकांनी! सोळाच्या सोळा ठार."

"आदी सांगितलानी आसंल ना वो काका, मागं फिरा म्हणून?" रांगेत पुढे असलेल्या बाईने मान वळवली.

"सांगितलं होतं म्हणतात. ऐकलं नाही."

"वाट चुकलं आसंल."

"लष्करी विमान कसलं वाट चुकतंय! हद्द म्हणजे हद्द, बाई. ओलांडली की संपलं."

"समुद्रात हद्द दिसत न्हाय वो. माजा दीपक गुजरातच्या बोटीवर खलाशी. मासळीमागनं ग्येले नि त्यांनी धरलानी. कराचीच्या तुरुंगात हाय."

"अरे अरे! कधी?"

"शिमग्याच्या आदी. आता सोडतायत म्हणून शेटचा सांगावा आला. त्येला आणायला जातंय मी, मुंबईवरनं फुडं."

"मग सोडतील की. ह्या विमानाचा नि त्याचा काय संबंध?"

"त्यांचे सोळा मेले ना वो. आता आमचा एक कशाला सोडतील?"

भास्कररावांनी पेपराची घडी घातली. मग त्या घडीचीही घडी घातली.

"बोला बाई, कुठल्या तारखेचं देऊ?" खिडकीतून आवाज आला.

"ह्या काकांना इचारा."