हात दे

भावजी : वहिनी, मधाची नळी तशीच परत आली. मुंग्या लागल्यात, पण मावशीचं बोट काही लागलेलं नाही.

वहिनी : ठेवा मोरीत. मी धुते.

भावजी : जुनी पँट पण आणलीय. सगळ्या खिशांत बेदाणे तसेच. पूर्वी पँट दिसली की ही बया खिसेकापूंना लाजवायची. आज नुसती डोक्याखाली घेतली आणि पडून राहिली.

वहिनी : आणि खोकी?

भावजी : खोकी ठकीनं फाडली. आपली फाडली, मग जाळीतून हात घालून मावशीच्या वाट्याचीही ओढून फाडली. एक तुकडा हिच्या पाठीवर टाकून बघितला. हिनं मानसुद्धा वळवली नाही. ठकीला कळेना काय करावं. मग तुकडा परत काढून घेतला.

वहिनी : तोंड कोरडं पडलंय तिचं. उद्या द्राक्षं बर्फात गोठवून देऊ. चाटेल तरी.

भावजी : उद्या?

वहिनी : का? उद्या तुमचा फ्रीज संपावर जाणार आहे?

भावजी : वहिनी, डॉक्टरीणबाई आल्यात. फाटकात गाडी लावताना बघितलं मी. कशाला आल्यात ते...

वहिनी : मला काही माहीत नाही. मी नळ्या धुतेय. दिसत नाही का?

डॉक्टर : येऊ का आत, वहिनी?

वहिनी : या. जपून, साबणाचं पाणी आहे. आणि तुम्ही तरी मला वहिनी म्हणू नका हो. ह्या एका दिरापायी सगळ्या जगाची वहिनी होऊन बसलेय.

भावजी : आता त्यात माझा काय दोष? मी हाक मारतो, लोक ऐकतात. आपल्या चिंपांझींना बोलता येत असतं तर मावशी-ठकीनंही हेच म्हटलं असतं.

डॉक्टर : बसता का जरा? रक्ताचा रिपोर्ट काल आला. मावशीची मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. पोटात पाणी झालंय. मी साहेबांशी बोलले, त्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला. आता तिला ठेवायचं म्हणजे फक्त दुखत ठेवायचं. म्हणून आजच करावं म्हणते.

वहिनी : सकाळी अर्धं केळं खाल्लं तिनं.

भावजी : ते ठकीनं तिच्या हातातून...

वहिनी : तुम्ही गप्प बसा हो, भावजी! खाल्लं म्हणतेय ना मी!

डॉक्टर : मला तुमच्याकडून एकच मदत हवी आहे. नेहमीसारखं तुम्ही तिच्यासमोर बसा, हात मागा. तिनं हात दिला की मी गुंगीचं इंजेक्शन देईन. झोप लागली की आत जाऊन दुसरं. तिला काही कळणारसुद्धा नाही.

वहिनी : कळणार नाही. वा! हे बरं आहे.

डॉक्टर : वहिनी...

वहिनी : नाही, ऐका तुम्ही. आली तेव्हा कशी होती बघितलंय ना? प्रयोगशाळेत उभा जन्म गेला तिचा. सुया टोचून टोचून दंडाची चाळण केलेली. माणूस दिसला की भिंतीकडे तोंड करून बसायची. मी जाळीला पाठ लावून बसायचे, तासन्‌तास, नुसती स्वेटर विणत. दोन स्वेटर झाले, मग तिचं एक बोट बाहेर आलं. त्याच्या कितीतरी दिवसांनी मनगट. मग सुई टोचायला जाळीला जे नळकांडं लावलंय, त्या बाहीत अख्खा हात. ‘हात दे’ म्हटलं की हात द्यायचा, आणि हात दिला की रस मिळणारच. सुई टोचो, न टोचो. त्यात कधी खोट नाही. दुनियेत एवढी एकच गोष्ट होती तिच्याकडे, ज्यात खोट नव्हती. ती मी ह्यासाठी शिकवली होती का?

डॉक्टर : ह्यासाठीच, वहिनी. ह्यासाठी पण. शेवटची सुई याच बाहीतून जाणार, हे मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही इतक्या आनंदात होतात की माझ्यानं बोलवलं नाही.

वहिनी : मग आता ऐका. ती हात देत नाही. विसरली.

डॉक्टर : विसरली? रक्त मीच घेतलं ना तिचं. तेव्हा दिला होता.

वहिनी : तेव्हा दिला. आता नाही देत. आजारी माणूस विसरतो, तशी विसरली.

भावजी : विसरलेली नाही.

वहिनी : भावजी!

भावजी : नाही वहिनी, आता मला राहवत नाही. मारा हवं तर. डॉक्टरीणबाई, ह्यांनी रसाच्या बाटलीत जंताचं कडू औषध कालवलं. काल पण आणि परवा पण. हात दे म्हणायचं, आणि मावशीनं हात दिला की ते कडू पाणी द्यायचं. मी बाटली धुताना बोट लावून चाखलं. अजून जिभेवरून जात नाहीये.

डॉक्टर : कशासाठी, वहिनी?

वहिनी : कशासाठी म्हणजे? तुम्ही रक्त नेलंत तेव्हाच समजले मी. हात मिळाला नाही तर सुई कशी टोचाल? एवढाच विचार केला मी. हातच नसेल तर तुम्ही गाडी वळवाल, निघून जाल. चार दिवस निघतील. कुणी सांगावं, उतार पडेल.

डॉक्टर : हात मिळाला नाही तर मला बंदूक वापरावी लागते, लांबून गुंगीची सुई मारायची.

वहिनी : बंदूक? आणलीय?

डॉक्टर : गाडीत आहे. आतापर्यंत उतरवली नाही.

भावजी : नको नको नको! प्रयोगशाळेत बंदुकीनंच पाडायचे तिला. मागे एकदा माळी नुसता पाइप खांद्यावर टाकून जाळीवरून गेला, तर मावशी जागच्या जागी भिजली होती. स्वतःचे केस उपटले बिचारीनं. आणि तो साधा पाणी घालायचा पाइप! बंदूक बघितली तर...

वहिनी : बंदुकीचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

भावजी : कसं आलं नाही? तुम्ही तर मधाच्या नळ्यासुद्धा कापून आखूड करता, तिनं दचकू नये म्हणून!

वहिनी : नाही आलं! सांगतेय ना, नाही आलं! इतक्या वर्षांत बंदूक लागलीच नाही. बंदूक असते हेच विसरून गेले. तिला विसरली म्हणत होते, विसरले मीच.

डॉक्टर : कडू पाणी दिल्यावर काय केलं तिनं? मला समजायला हवं.

वहिनी : काय करणार? पहिल्यांदा थुंकली. माझ्याकडे बघत राहिली. मग परत हात घातला बाहीत. आणखी आत, पार खांद्यापर्यंत. तिला वाटलं, तिनंच नीट दिला नाही. मी पुन्हा कडूच दिलं. मग दुसरा हात दिला. तोही खांद्यापर्यंत. रागावली असती तर बरं झालं असतं हो. चावली असती. मी आई म्हणून लेकीवर हात उचललाय, पण असं कधी वाटलं नाही. काल संध्याकाळी हाक मारली तर भिंतीकडे तोंड करून बसली. पहिल्या दिवशी बसली होती ना, तशीच.

भावजी : वहिनी, पाणी घ्या. घ्या, घोटभर.

डॉक्टर : मी तुम्हाला दोष देत नाही.

वहिनी : द्या ना. कुणीतरी द्या.

डॉक्टर : दोष देऊन मावशीचं दुखणं कमी होणार असतं तर दिला असता. ऐका. मी ऊन उतरेपर्यंत थांबते. तुम्ही खरा रस घेऊन तिच्याजवळ बसा. जमलं तर मला खूण करा. नाही जमलं तर...

वहिनी : जमेल.

डॉक्टर : खात्री आहे?

वहिनी : खात्री नाही, भीती आहे. ती देईल अशी भीती आहे. नाही दिला तर मी तिचा विश्वास मोडला, आणि दिला तर तो तुमच्या हवाली केला. मला सांगा डॉक्टर, ह्यातलं काय बरं?

डॉक्टर : मी सुई भरून ठेवते. तुम्ही रस आणा.

भावजी : ठकीच्या बाजूचा पत्रा ओढून घेऊ ना? तिनं बघायला नको.

डॉक्टर : नको, उघडाच असू दे. दोघी प्रयोगशाळेपासून एकत्र आहेत. बघितलं नाही तर ठकी रोज दाराशी बसून तिची वाट बघेल. बघितलं की निदान शोधणार नाही.

भावजी : बघवेल का पण तिला?

डॉक्टर : तुम्हाला बघवणार आहे का? तरी थांबणारच आहात ना.

(मावशीच्या जाळीपाशी. वहिनी फरशीवर बसलेल्या, भावजी मागे. डॉक्टर कोपऱ्याआड.)

वहिनी : मावशे. ए मावशे. इकडे बघू नकोस, चालेल. मी नुसती बसलेय.

भावजी : कान हलला.

वहिनी : हळू बोला. हे बघ, सफरचंदाचा रस आहे. आधी मीच पिते. बघ. गोड आहे. भावजी, तुम्ही पण प्या.

भावजी : प्यायलो. गोड आहे गं, मावशे. शपथ.

वहिनी : आज हात नको. काहीच नको. हा असाच घे. बाटलीचं तोंड जाळीत ठेवते आणि मी मागे सरकते. बघ, सरकले.

भावजी : वळली, वहिनी. उठवत नाहीये तिला, पण सरकतेय. ये गं, ये. वास घेतेय.

वहिनी : घे. चाटून बघ. कडू नाही. कालची वहिनी नाही, आधीचीच आहे.

भावजी : प्यायली! अहो, चांगली प्यायली की! वहिनी, रस पितेय म्हणजे... डॉक्टरीणबाईंना सांगू का? पितेय ती!

वहिनी : भावजी, आता तुम्ही नका हो करू तसं. मी करून चुकलेय.

भावजी : नाही करत. चुकलं.

वहिनी : बघा, ओठावर ठरत नाही, खाली सांडतोय. मान धरवत नाही. परवा हे असंच होतं आणि मी बघितलंच नाही. मला फक्त माझी मावशी दिसत होती. मावशे, दुखतंय ना खूप? पोट कसं टम्म झालंय. मला कळत होतं गं. कळत होतं आणि मी कडू पाजत होते.

भावजी : जाळीला टेकली. डोकं तुमच्या गुडघ्याशी आणलंय.

वहिनी : केस जड झालेत, काही विंचरलेलं नाही. ठकीला किती दिवसांत हात लावू दिला नाहीस ना गं तू? बरं. बरं. भावजी, डॉक्टरांना खूण करा.

भावजी : आत्ता? अजून थोडं...

वहिनी : अजून थोडं म्हणत गेले तर मी इथून उठणार नाही. करा खूण.

डॉक्टर : आले. बाजूनं येते, तिला दिसणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा.

वहिनी : मावशे. हात दे.

भावजी : घालतेय. देवा. किती सावकाश घालतेय.

वहिनी : शहाणी माझी ती. आणखी नको, एवढा पुरे. खांद्यापर्यंत नको गं. एवढाच पुरे आहे. हा रस घे. सगळा घे.

डॉक्टर : टोचलं. हात काढून घेत नाहीये. बोलत राहा.

वहिनी : काय बोलू? रस सांडतोय गं, हनुवटी वर कर. उद्या द्राक्षं देणार होते तुला, बर्फातली. तुला आवडतात ना, दातांनी कडाकड फोडायला? बोट सोडू नकोस. धर. धरलंस ना? मी आहे. मी इथेच आहे.

भावजी : डोळे मिटले.

डॉक्टर : झोपली. मी आत जाते आता. तुम्ही हात धरून ठेवा, हवं तर.

भावजी : वहिनी, बोट सुटलं का?

वहिनी : नाही. मीच धरलंय आता.

डॉक्टर : थांबलं हृदय. गेली, वहिनी. काही त्रास झाला नाही.

भावजी : आई गं... मला वाटलं मी मोठा माणूस आहे, मला काही होणार नाही. रोज हिची केळी मोजून कंटाळायचो मी. वहिनी, तुम्ही रडा हो. अशा बसू नका.

वहिनी : रडू येत नाही. माझी किळस येतेय.

डॉक्टर : तिनं तुमच्यावर भरवसा ठेवला म्हणून तिला भीतीनं मरावं लागलं नाही. एवढं तरी धरून ठेवा.

वहिनी : तुम्ही धरून ठेवा, डॉक्टर. तुम्हाला अजून बाकीच्यांना टोचायचंय. मला नाही जमणार आता. मी स्वयंपाकघरात येते, भावजींच्या हाताखाली. केळी सोलीन. तो शब्द आता माझ्या तोंडून निघायचा नाही.

भावजी : वहिनी.

वहिनी : काय?

भावजी : ठकीकडे बघा. मी काही म्हटलं नाही हो, मी तोंडसुद्धा उघडलं नाही.

डॉक्टर : हिनं कधी हात दिला होता?

भावजी : कधीच नाही! इतकी वर्षं वहिनींनी जीव काढला, बाहीजवळ फिरकायची नाही. आणि आत्ता बघा. आपणहून घातलाय. खांद्यापर्यंत.

डॉक्टर : वहिनी, उठा. आज राहू दे. घरी चला, मी सोडते तुम्हाला.

वहिनी : तिनं हाक ऐकली. आपल्यालाच म्हटलं असं वाटलं तिला.

डॉक्टर : हो, पण आज नाही...

वहिनी : भावजी, बाटलीत काही उरलंय?

भावजी : तळाशी आहे थोडा.

वहिनी : आणा इकडे. हात दिलाय तिनं.