वन एटीनचा पंप

— नाही, बोनेट राहू द्या भाऊ, आधी बसा. तो स्टूल घ्या, पाय डगमगतो त्याचा, पण बसता येतं. ललित म्हणाला, कतारगामचे योगेंद्रभाऊ येणार, त्यांच्याकडेही अशीच वन एटीन गाडी आहे — सकाळपासून दाढी करून बसलोय, हसू नका. ललित म्हणजे माझा मुलगा. त्यानेच मोबाइलवर फोटो टाकला, जुनी गाडी देणे आहे म्हणून — मला न विचारता! भांडलो मी. मग म्हटलं, जाऊ दे, फोटो बघून दुसरा कोणी वन एटीनवाला तरी सापडेल. सापडलात की नाही? अहो, पद्मिनी असती तर इथे बमरोलीपर्यंत लोक शोधत आले असते, अँबेसेडरला तर पोरं मिठ्या मारून फोटो काढतात — हिला कोण विचारतंय? काका, ही कोणती फियाट, म्हणतात. फियाट म्हणे! मग हिचं सामान कोण ठेवणार? मागच्या दिव्याची काच गेली, तिथे लाल बरणी कापून बसवलीय. दाराचं रबर म्हणजे सायकलवाल्या धुडकूकडची ट्यूब. क्लचप्लेट भलत्याच गाडीची, घासून घासून बसवली. हे सगळं चालतं हो. पण वॉटर पंपाचं काय करणार? पाणीच फिरत नाही — चलथाणच्या साखर कारखान्यापर्यंत गेलं की काटा लाल, आणि भर रस्त्यात वाफ. दोनदा वेल्डिंग केलं. आता मिस्त्री हात लावत नाही, म्हणतो, काका, अब रहने दो.

कोणाला बघताय? — हां, ती. दचकू नका. माझी बायको, मालतीबाई. दिवसभर मागच्या सीटवरच असते. हाक मारू नका, ओळखायची नाही. मलाच ओळखत नाही. तिच्या लेखी मी कोण आहे माहितीये? तिचा भाऊ, रघुनाथ. तुम्ही खानदेशातलेच ना, मग आखाजी तुम्हाला सांगायला नको — सणाला भावानं बहिणीला माहेरी न्यायला यायचं. रघुनाथ दरवर्षी नंदुरबारकडून एसटीने यायचा मुऱ्हाळी म्हणून, आणि ही गाडी मिलच्या शेठकडून घेतल्यापासून मीच दोघांना गावी सोडायचो. भाऊ-बहीण रस्ताभर बोलायचे, मी गप्प चालवायचो. रघुनाथ गेला. मग हिचं विसरणं सुरू झालं. रिक्षात बसवली की ओरडते, ललितच्या नव्या गाडीत तर त्याच्या हाताला चावली — या गाडीत मात्र शहाण्यासारखी बसते. आणि गाडी निघाली की बोलते! दादा, कितलं दूर शे आते? मी म्हणतो, उनं बहीण, आते उनंच, हे काय आलंच. घरात शब्द नाही हो, पाणीसुद्धा मागत नाही. नुसतं इंजिन चालू ठेवून बघितलं मी — तरी बोलत नाही. झाडं मागे सरली पाहिजेत. आणि काय काय बोलते! भावाजवळ नवऱ्याचं गाऱ्हाणं. माणूस वाईट नाही दादा, म्हणते, पण घरात असून नसल्यासारखा. मिलमधून येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. तुला काय आवडतं म्हणून कधी विचारलं नाही. — मी स्टिअरिंग धरलं आणि विचारलं, काय आवडतं? तर म्हणाली, उडदाच्या पापडाचं कच्चं पीठ, तेल लावून. एवढंसं! शेजारच्या उज्ज्वलाकडून करून आणलं. घरात दिलं तर तोंड फिरवलं. गाडीत खाल्लं — दादाच्या हातून. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे?

तर पंप. तुमचा पंप मला द्या, बदल्यात पुढची काच घ्या, बंपर घ्या, जाळी घ्या, सगळं अस्सल आहे. बंपरच हवेत? वा, मग जमलंच की! — पंप नाही म्हणजे? गाडी आहे ना तुमच्याकडे? — हॉटेल? कामरेज रोडला... दारात उभी करणार. आत टेबल, लोकांनी बसून चहा प्यायचा, फोटो काढायचे. हां. हां, कळलं. छान दिसेल. मग इंजिन काढलं असेल ना, तेच म्हणतोय मी, इंजिनाचं तुम्हाला काय काम — कुठे ठेवलंय? मी आत्ता येतो, रिक्षा करून येतो.

भंगारात? पंपासकट?

कधी? — गेल्या आठवड्यात. मग आता वितळलं असेल.

नाही, नाही, तुमची काय चूक. शोभेच्या गाडीला इंजिन कशाला लागतं? ललितने टाकलेला फोटो आधी बघितला असतात तर... जाऊ द्या. नाही भाऊ, बंपर नाही द्यायचे. काचही नाही. चालली नाही तरी तिला बसायला लागते. या तुम्ही. ते फाटक लोटू नका, हळू ओढा — खडखड झाली की तिला वाटतं, निघालो. मग माहेरी न्यायची पिशवी मांडीवर घेते आणि बाहेर झाडं बघत बसते. जा तुम्ही.